आधी बाईशी ओळख होऊ द्या, मग फॉर्म भरा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो आला होता. शिलाई मशीन वाटपाचा कार्यक्रम, मागं पाहुणे मंडळी, पुढं ओळीनं उभ्या केलेल्या बायका, आणि खाली लिहिलेलं की नवऱ्यानं टाकलेल्या आणि विधवा महिलांना मदत, गल्लीचं नाव पण होतं. मदत केली ते चांगलंच केलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मशीन मिळाली की एखादं घर खरंच उभं राहतं हे मी बघितलंय. पण चेहरा आणि गल्लीचं नाव एकत्र छापून आलं की त्या बाईची कथा दुसऱ्या दिवशी नळावर, रेशनच्या लाइनीत, पोराच्या शाळेच्या गेटवर सगळीकडं पोचते, आणि पुढच्या वेळी कोण मदत द्यायला आलं तरी ती दार उघडताना विचार करते. म्हणून हे पत्र लिहायला बसले, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी बेळगावात वडगाव, शहापूर, खासबाग या भागात आणि खानापूर तालुक्यातल्या काही गावांत बरीच वर्षं फिल्डवर समाजकार्याचं काम करते. घरातली मारहाण, दारू, कर्ज, मनाचे आजार, शाळा सुटलेली पोरं, असलं सगळं. या कामात योजना लागते, कायदा लागतो, पैसा लागतो हे खरंच आहे, पण त्या सगळ्याच्या आधी समोरच्या माणसाचा आपल्यावर विश्वास बसावा लागतो, आणि तो बसायला जो वेळ लागतो तो आजकाल कोणच द्यायला तयार नाही. ना फंड देणारे, ना सरकारी खातं, ना संस्था. सगळ्यांना महिन्याच्या शेवटी आकडा पाहिजे.

फोटोचं आधी सांगून टाकते. मुलांच्या बाबतीत तर हा कायद्याचाच प्रश्न आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोक्सोमध्येही, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातही, तसंच आहे. बायकांच्या बाबतीत प्रत्येक वेळी कायदा आडवा येईलच असं नाही, पण निदान विचारा तरी, आणि विचारताना साहेब लोकांच्या समोर स्टेजवर विचारू नका, तिथं कुठली बाई नाही म्हणणार? मशीनचा फोटो छापा, हाताचा छापा, पाहुण्यांचा तर छापाच, चेहरे सोडा. एवढं आपल्या पेपरनं पाळलं तरी बाकीचे बघून पाळतील.

आता मूळ गोष्टीवर येते. आमच्या भागात हातात रजिस्टर, खांद्याला बॅग आणि गाडीवरून उतरलेलं अनोळखी माणूस म्हणजे हप्तेवाला असं पक्कं गणित आहे. मायक्रोफायनान्सच्या वसुलीनं लोकांना इतकं पिळलंय की 2025 मध्ये कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढून कायदा करावा लागला. त्यामुळं आमच्यासारखी कोण गल्लीत शिरली की दारं आपोआप लागतात, आतून पोरगं ओरडून सांगतं की आई घरात नाही, आणि आई आत असते. नवीन आलेल्या मुली याला विरोध समजतात, रजिस्टरला लिहितात की क्लायंट सहकार्य करत नाही. अहो, ती घाबरलीय. तिला काय माहीत तुम्ही कोण? शिवाय त्या कर्जाच्या ग्रुपमध्ये एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांवर येतो, म्हणजे ज्या शेजारणींजवळ पूर्वी मन मोकळं करायची त्यांच्याजवळही आता बोलायची सोय राहिली नाही, हे बाहेरून येणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

म्हणून मी पहिल्यांदा जाते तेव्हा रजिस्टर बॅगेतच राहतं. मी कोण, कुठून आले, तुमचा पत्ता मला कुणी दिला, मी काय करू शकते आणि काय करू शकत नाही हे उंबऱ्यावरच साध्या भाषेत सांगते. काय करू शकत नाही हे सांगणं जास्त महत्त्वाचं, कारण घर मंजूर करते, पेन्शन करून देते, असं आधी कुणीतरी सांगून गेलेलं असतंच, आणि ते झालेलं नसतं. मग तिनं बस म्हटलं तर बसते, पाणी दिलं तर पिते. आमच्याकडं चहा नको म्हटलं की बाईला वाटतं आपल्या घरचा चालत नाही, जातीचा विचार डोक्यात येतो तिच्या, त्यामुळं अर्धा कप का असेना घ्यायचा. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत, पण फिल्डवरची जुनी माणसं सगळी हेच करतात.

एक उदाहरण सांगते, गल्ली आणि बाकीचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेत. पॉवरलूमवर काम करणारं घर, पुढच्या खोलीत दोन माग, मागं स्वयंपाक, तिथंच बाई बसून कांड्या भरायची. आमच्याकडं केस आली ती मारहाणीची म्हणून आली होती, एका आशाताईनं कळवलेलं, फॉर्मवर तसंच लिहिलेलं. पण ती बाई मारहाणीबद्दल एक शब्द बोलेना. तिचा एकच विषय, रेशन कार्ड वेगळं करून द्या. मी गेले की हेच, अक्का कार्डाचं काय झालं. आमच्या ऑफिसातल्यांचं म्हणणं की रेशन कार्ड आपला विषय नाही, तो फूड डिपार्टमेंटचा, तू हिंसाचाराच्या विषयावर ये.

मी कार्डाच्याच विषयावर राहिले. तिच्याबरोबर ऑनलाइन सेंटरला गेले, कागदपत्रं काय लागतात ते विचारलं, नवीन कार्डाचं काम तेव्हा बंद होतं तर परत कधी सुरू होणार ते विचारून आले आणि तिला येऊन सांगितलं, होणार नाही त्या दिवशी होणार नाही असंही सांगितलं. आणि हळूहळू कळलं की कार्ड सासूच्या नावावर आहे, घरातली कर्ती बाई म्हणून सासूचं नाव, त्यामुळं 2023 पासून घरातल्या कर्त्या बाईला सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे जे महिन्याला 2000 रुपये येतात ते सासूच्या खात्यात, आणि सासू ते मुलाला देते, आणि मुलगा ते दारूत घालतो, आणि दारू पिऊन आला की हिला मारतो. म्हणजे ती पहिल्या दिवसापासून मारहाणीबद्दलच बोलत होती, फक्त तिनं ते जिथून सुरू होतं तिथून सांगायला घेतलं होतं.

आणि ती बोलायची कधी माहीत आहे का, माग चालू असताना. दोन मागांचा खटखटाट असा की पुढच्या खोलीतल्या नवऱ्याला मागचं काही ऐकू जायचं नाही, मलाच तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागायचा. एकदा मधेच करंट गेला, सगळ्या गल्लीतले माग एका दमात थांबले, आणि ती वाक्याच्या मधेच थांबून मोठ्यानं म्हणाली, "मग अक्का, त्या कार्डाचं काय ठरलं?" मी पण कार्डाचंच बोलत राहिले. करंट आला, माग सुरू झाले, तिनं पुढचं सांगितलं. तेव्हापासून मी तिच्याकडं लोडशेडिंगची वेळ टाळून जायला लागले.

आता हे रिपोर्टात कुठल्या रकान्यात लिहायचं सांगा. रिपोर्टात विचारतात भेटी किती, काउन्सेलिंग सेशन किती, केस क्लोज झाली का.

या विषयावर जगात कमी लिहिलेलं नाही. फेलिक्स बीस्टेक म्हणून अमेरिकेतले एक पाद्री होते, समाजकार्य शिकवायचे, त्यांनी 1957 मध्ये कार्यकर्ता आणि क्लायंट यांच्या नात्याची सात तत्त्वं मांडली, ती आपल्याकडं एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या एमएला, आजही शिकवतात. प्रत्येक माणूस वेगळा म्हणून बघा, त्याला मनातलं बोलू द्या, आपण ऐकताना आतून हलायला हवं पण वाहून जायचं नाही, माणूस आहे तसा स्वीकारा, निवाडा करू नका, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या, आणि सांगितलेलं बाहेर जाऊ देऊ नका. पुढं 1979 मध्ये एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञानं उपचारातल्या नात्याबद्दल लिहिलं की त्यात तीन गोष्टी असतात, कुठं पोचायचंय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी कोण काय करणार यावर एकमत, आणि दोघांतला जिव्हाळा. माझ्या मते आपल्याकडं तिसऱ्या गोष्टीबद्दल भाषणं फार होतात आणि पहिलीकडं कोणाचं लक्ष नसतं. नुसतं गोड बोलून विश्वास बसत नाही. तिला रेशन कार्ड पाहिजे आणि मला हिंसाचाराची केस पाहिजे, तर मी कितीही ताई ताई म्हणून घेतलं तरी आमचं दोघींचं काम एक नाही, आणि हे तिला माझ्या आधी कळतं.

कॉलेजातून आमच्याकडं प्लेसमेंटला, म्हणजे फिल्डवर काम शिकायला, येणाऱ्या मुलामुलींना ही सात तत्त्वं तोंडपाठ असतात, हुशार आहेत पोरं, कष्टाळू आहेत. पण घरात गेल्यावर तोंडातून पहिलं वाक्य निघतं, "मावशी, तुम्ही हे सगळं सहन का करता?" त्यांना वाटतं ही सहानुभूती. मावशीला ऐकू येतं की चूक तुझी आहे. मी पोरांना सांगते, का हा शब्दच पहिल्या भेटीत काढू नका, मग काय झालं असं विचारा, तेव्हा तुम्ही काय केलंत असं विचारा. तिनं काहीतरी केलेलंच असतं, पोरांना घेऊन शेजारी झोपायला गेली असेल, पैसे तांदळाच्या डब्यात लपवले असतील, भावाला फोन लावून काही न बोलता ठेवला असेल. ते ऐकून घेतलं की तिला पण वाटतं की आपण अगदीच काही न करता बसलो नव्हतो.

सौंदत्तीच्या बाजूला यल्लम्माला सोडलेल्या म्हाताऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणी आहेत. देवदासी सोडण्याला कर्नाटकात 1982 च्या कायद्यानं बंदी आली, पण त्या आधी सोडलेल्या आणि नंतरही चोरून सोडलेल्या बायका आहेतच की. त्यांच्या नातवंडांचा फॉर्म भरताना वडिलांच्या नावाचा रकाना येतो, आणि कार्यकर्ती पेन घेऊन त्या रकान्यावर थांबून वर बघते. तेवढ्या बघण्यात सगळा निवाडा येतो, तोंडानं काही बोलायची गरज नसते. माझी एक मैत्रीण आईचं नाव पहिल्यांदा विचारते, तेच मोठ्या अक्षरात लिहिते, आणि बाकीचे रकाने तुम्हाला सांगायचे असतील तेव्हा सांगा म्हणून पुढं जाते. त्यांच्या देवीबद्दलही ती काही बोलत नाही, देवीला सोडल्याची खूण म्हणून गळ्यात असलेल्या मोत्यांकडं टक लावून बघत नाही. प्रथेविरुद्ध तिच्याइतकं कोण भांडत नसेल, पण ते भांडण ती त्या म्हातारीच्या घरात बसून म्हातारीशी करत नाही.

आमच्या सीमाभागातली एक अडचण बाकीच्या ठिकाणी एवढी नसेल, ती भाषेची. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल, त्यावर मी या पत्रात लिहीत नाही. पण आज खानापूरच्या एखाद्या गावातल्या बाईला फक्त मराठी येते आणि फॉर्म, नोटीस, पोलीस स्टेशनचा कागद सगळं कन्नडमध्ये, तर वाचून कोण दाखवतं? पोरगी, कारण तिला शाळेत कन्नड आहे. म्हणजे बापानं आईला मारलं हे दहा-बारा वर्षांच्या पोरीनं आईच्या तोंडून ऐकायचं आणि साहेबांना कन्नडमध्ये सांगायचं. किंवा मग शेजारची, जी कर्जाच्या त्याच ग्रुपमध्ये आहे. याच्या उलटं पण होतं, अथणी-गोकाककडची कन्नड बाई लग्न होऊन मराठी गल्लीत आलेली, सासरी तिची भाषा कोण बोलत नाही आणि कार्यकर्ती पण मराठीच. मी स्वतः कन्नड शिकले ते याच्यासाठी. चांगली येत नाही, पण समोरची हसून का होईना बोलायला लागते. प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक संस्थेत निदान एक माणूस तरी दोन्ही भाषा येणारं असावं आणि लहान मुलांना दुभाष्या म्हणून कधीच बसवू नये, ही माझी सगळ्या खात्यांना हात जोडून विनंती आहे. याला बजेट लागत नाही, ड्युटी लावताना लक्ष दिलं की झालं.

आणि सासर खानापूरला, माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजला अशा कितीतरी बायका आहेत, मधे राज्याची हद्द. मारून हाकललं की ती माहेरी जाते आणि तिथं कुणीतरी सांगतं की तुझी केस कर्नाटकातली, इथं काही होणार नाही. हे चूक आहे. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे ती जिथं तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो आणि झालेला आदेश सगळ्या देशात लागू असतो. आपले वाचक दोन्ही बाजूला आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

गुप्ततेबद्दल थोडं सविस्तर लिहायला पाहिजे कारण इथं चांगल्या मनाची माणसंसुद्धा घोळ घालतात. तुमचं कुणाला सांगणार नाही असं सरसकट वचन द्यायचं नसतं, कारण ते पाळता येत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तरीही गप्प बसता येत नाही. म्हणून मी बाई बोलायला लागायच्या आधीच सांगते, की तुमचं माझ्याजवळ राहील, पण पोराबाळाच्या अंगाला धोका असेल किंवा तुमच्या जिवाला धोका असेल तर मला पुढं सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी मी तुम्हाला कळवीन. काही जणांना वाटतं असं सांगितलं तर बाई बोलणारच नाही. माझा अनुभव वेगळा आहे. थोडा वेळ गप्प बसतात, मनात हिशोब करतात, आणि बहुतेक जणी बोलतात, कारण समोरची काही लपवत नाही हे कळलेलं असतं. आधी गोड वचन देऊन नंतर पोलिसांची गाडी दारात आणली तर ती बाई तर गेलीच, सगळी गल्ली तुमच्यासाठी कायमची बंद होते.

गुप्तता म्हणजे फक्त तोंड बंद ठेवणं पण नव्हे. बसायला जागा कुठं आहे? कितीतरी ऑफिसांत एका हॉलमध्ये चार टेबलं, पलीकडच्या टेबलावर दुसरीची सासू बसलेली, आणि इकडं विचारतात, "हं बोला, काय त्रास आहे?" व्हॉट्सॲप ग्रुपवर केसचे फोटो, आधार कार्डाचे फोटो फिरतात, ग्रुपमध्ये तीस-चाळीस माणसं. मानसिक आजार असलेल्या माणसाची माहिती गुप्त ठेवणं हा तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला दिलेला हक्क आहे, आणि त्याच्या गोळ्यांचा फोटो ग्रुपवर टाकून विचारतात ही गोळी कुठं मिळेल. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, कामाच्या घाईत होतं, पण त्या घरातल्या पोरीचं लग्न त्या फोटोमुळं मोडू शकतं.

मग निर्णयाचं. मागावर काम करणारी जी बाई सांगितली ती एकदा पोरांना घेऊन भावाकडं गेली होती, आम्ही कागदपत्रं तयार केली, वकील बघितला, आणि ऐन वेळी ती नवऱ्याकडं परत आली. ऑफिसात सगळे चिडले, एवढी मेहनत वाया गेली म्हणाले, परत आली तर उभी करू नको असंही एक जण म्हणाला. मी तिच्या घरी गेले, नेहमीसारखी बसले, कशी आहेस विचारलं, पोराचा खोकला गेला का विचारलं. परत का आलीस हे विचारलं नाही. तिनंच सांगितलं, भावजयीचं तोंड दिसतं अक्का, आणि पोराची परीक्षा आहे. दोन्ही कारणं अगदी व्यवहाराची होती, घरात राहून जो दिवस काढतो त्यालाच कळणारी. मग आम्ही बसून ठरवलं की परत मार बसला तर रात्री कुणाच्या घरात शिरायचं, कागद कुणाजवळ ठेवायचे, कुणाला मिस कॉल द्यायचा. पुढं जेव्हा वेळ आली तेव्हा तिनं त्या नंबरला मिस कॉल दिला. उभी करायची नाही असं ठरवलं असतं तर तो कॉल आलाच नसता.

नातं जवळचं होतं तसे प्रश्नही येतात, ते लपवण्यात अर्थ नाही. हळदीकुंकवाला बोलावतात, जाते. साडी देतात, घेत नाही, ब्लाऊजपीसवर आणि नारळावर थांबवते. उसने पैसे मागतात, देत नाही, कुठं मिळतील ते शोधून देते, कारण मी दिले की दुसऱ्या दिवसापासून ती मला बघून तोंड चुकवणार आणि मी पण हप्तेवालीच होणार. रात्री दहानंतर जिवाचा प्रश्न असेल तर फोन करा, बाकी सकाळी, असं स्पष्ट सांगितलेलं आहे आणि बायका ते पाळतात, शहरातल्या शिकलेल्यांपेक्षा जास्त पाळतात. लोकांना वाटतं मर्यादा ठेवली की माया कमी होते. माझ्या बघण्यात तरी तसं नाही, उलट कुठवर मागायचं हे माहीत असलं की बाईला मागायला लाज वाटत नाही.

आता शेवटचं आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. एवढं करून नातं तयार झालं की कार्यकर्तीचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. अकरा महिने, प्रोजेक्ट बंद, नवीन प्रोजेक्टला नवीन माणूस, कमी पगारावर. नवीन मुलगी नवीन फॉर्म घेऊन त्याच दारात जाते आणि तेच प्रश्न पहिल्यापासून विचारते, लग्न कधी झालं, मुलं किती, पहिल्यांदा कधी मारलं. एका म्हातारीनं मला सांगितलं होतं, "माझी कथा सांगून सांगून माझ्याच तोंडाला कंटाळा आला बघ." बायका मग थोडक्यात सांगायला शिकतात, जेवढ्यानं फॉर्म भरतो तेवढंच, आणि आपल्याला वाटतं केस सोपी आहे.

तेव्हा खात्यातले अधिकारी, फंड देणाऱ्या कंपन्या आणि संस्था चालवणारी मंडळी हे वाचत असतील तर त्यांना सांगायचं की एका भागात एकच कार्यकर्ती निदान दोन-तीन वर्षं राहील असं बघा. पहिले तीन महिने केसचं टार्गेट ठेवू नका, ओळखीला द्या. माणूस बदलायचाच असेल तर जुनी नवीनला घेऊन प्रत्येक घरी एकदा तरी जाऊ दे, बाईसमोरच सांगू दे की आता ही येणार, आणि तुमचं काय काय मी हिला सांगू, काय सांगू नको ते तुम्ही सांगा. यात एक महिन्याचा पगार जादा जाईल, एवढाच खर्च. आणि जी कार्यकर्ती हे सगळं ऐकून घरी जाते तिच्याशी पण महिन्यातून एकदा कुणीतरी जुन्या अनुभवी माणसानं बसून बोलावं, रिपोर्ट मागायला नव्हे, ती कशी आहे हे विचारायला. चांगल्या चांगल्या मुली हे काम सोडून बँकेत, विम्यात गेल्या, पगार हे एक कारण झालं, पण ऐकलेलं ठेवायला कुठं जागाच नव्हती हे दुसरं.

संपादक साहेब, जागा असेल तर आपल्या पेपरात हे नंबर रोज एका कोपऱ्यात छापावेत अशी विनंती आहे, मोठ्या अक्षरात: महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, तातडीला 112, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416, तिथं भाषा निवडता येते. माझं नाव आणि पत्ता आपल्याकडं वेगळ्या कागदावर दिलेला आहे, तो मात्र छापू नका, माझ्या नावावरून माझ्याकडं येणाऱ्या बायका ओळखता येतील.

आपली,
एक समाजकार्यकर्ती,
वडगाव, बेळगाव